चल षड्ज

बास गिटार पुष्कळांनी पाहिलेली असते, ऐकलेली फार थोड्यांनी. विधान आगाऊ वाटेल, पण गेली बावीस वर्षे मी हे वाद्य वाजवत आलो आहे. कार्यक्रम संपल्यावर मंचाजवळ येणारी माणसे गायकाला भेटतात, ढोलकीवाल्याला भेटतात, फार तर कीबोर्डवाल्याशी हात मिळवतात. मला एकदा एका गृहस्थांनी अगदी मनापासून विचारले होते, "दोन तारा तुटल्या का हो तुमच्या?" बास म्हणजे पुरे, हा नातेवाइकांचा विनोद तर ठरलेलाच. यात लोकांचा दोष नाही. या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो स्वर झेपतच नाही. त्याचे वरचे उपस्वर तेवढे पोचतात आणि उरलेले आपला कान अंदाजाने भरून काढतो.

मी हे वाद्य शिकलो नाही, उचलले. पोटापाण्याला नोकरी, आणि गणपतीपासून लग्नसराईपर्यंत ऑर्केस्ट्रा. कॅसेट लावायची, मागेपुढे करायची आणि बासची ओळ बोटांनी शोधून काढायची, हा आमचा रियाज. त्यात कमीपणा काही नाही, कान तयार होतो. मात्र हाताला जे माहीत होते ते मला सांगता येत नसे. अमुक शब्दावर पंचमावरून खाली उतरायचे, इतके कळे. तिथेच का उतरायचे, आणि भलतीकडे उतरलो असतो तर वरच्या गाण्याचे काय झाले असते, हा प्रश्न पडत नसे.

तो पडला माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) या तबकडीतली पहिली रचना ऐकताना. 'सो व्हॉट' हे तिचे नाव. छोट्याशा प्रस्तावनेनंतर मुख्य धून चक्क बासवर येते. पॉल चेंबर्स ती वाजवतो आणि बाकीचे दोन स्वरसमूहांत त्याला होकार भरतात. सोळा बार (बार म्हणजे इथे चार मात्रांचे माप; आमच्या ऑर्केस्ट्रातल्या मंडळींना हा खुलासा आवश्यक असतो) सगळा मामला डी या स्वराला षड्ज मानून चालतो. कोमल गांधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. म्हणजे सरळ काफी थाट. मला घरच्यासारखे वाटले. सतराव्या बारला मात्र सगळेच्या सगळे अर्धा स्वर वर सरकतात, आठ बार तिथे राहतात आणि काही घडलेच नाही अशा थाटात खाली परततात.

आमच्या घरात तानपुरा आहे. आई गाते, ठाण्यात तिने चाळीस वर्षे शिकवण्या केल्या. सकाळ 'प सा सा सा'ने उजाडायची. आपल्याकडे षड्ज आणि पंचम हे अचल स्वर. रे, ग, म, ध, नि यांना काय हलायचे ते हलू दे, षड्ज जागचा हलत नाही. त्यावर भरवसा ठेवून तर बाकीची सगळी उठाठेव. अशा घरात वाढलेल्या माणसाला त्या सतराव्या बारला काय वाटले असेल, ते रागसंगीत ऐकणाऱ्यांना समजावून सांगायला नको. तानपुरा हलवला कुणी? हलवणारा बासवाला होता. आणि तेच वाद्य मी इतकी वर्षे खांद्याला अडकवून फिरत होतो.

तेव्हा शिक्षक हवा, असे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ठरले. शोध सुरू केला तो २०२२ च्या पावसाळ्यात.

बास शिकवणारे बहुतेक लोक मुळात गिटार शिकवणारे असतात, हे पहिल्या महिन्यातच कळले. स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये गेलो. शिक्षक तरुण, हसतमुख आणि फार घाईत. लंडनच्या परीक्षांच्या श्रेणी, प्रत्येक श्रेणीची ठरावीक गाणी, अमुक महिन्यांत अमुक पातळी. त्या परीक्षांना मी नावे ठेवणार नाही. मुलांना स्वरलेखन वाचता येऊ लागते, हा मोठाच फायदा आहे. पण जॅझ म्हटल्यावर त्यांनी मला एक स्केलचा तक्ता दिला. तक्ता बरोबर होता. गावाचा नकाशाही बरोबर असतो, त्यावरून तिथली माणसे कशी बोलतात हे कळत नाही.

मग परदेशातला एक शिक्षक संगणकावरून मिळाला. माणूस विद्वान आणि सौजन्यशील. त्याच्याकडून मी चार महिन्यांत जितके सिद्धान्त शिकलो तितके आधीच्या बावीस वर्षांत शिकलो नव्हतो. अडचण वेगळीच निघाली. अटलांटिकपलीकडून इथे आवाज येऊन परत जायला वेळ लागतो. पाव सेकंदच धरा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. मी वाजवायचे, त्याने ऐकायचे. मग त्याने वाजवायचे, मी ऐकायचे. एकत्र वाजवणे अशक्य. गाणाऱ्याचे अशा शिकवणीत फारसे अडत नसेल, बासचे सगळेच अडते. एकट्याने बास शिकणे म्हणजे एकट्याने पालखी उचलण्याचा सराव करणे.

पुस्तकेही आणली. मार्क लेव्हीनचे जाडजूड 'जॅझ थिअरी बुक' आणले, आणि जगभरच्या जॅझवाल्यांचे बायबल मानले जाणारे 'रिअल बुक'ही. हे दुसरे पुस्तक सत्तरच्या दशकात बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी परवानग्या न घेता हाताने लिहून, छापून, चोरून विकलेले. त्याची रीतसर आवृत्ती निघायला २००४ साल उजाडले. पाठांतरावर पोसलेल्या आपल्या परंपरेला हे पुस्तक मजेदार वाटेल. त्यात एका पानावर एक धून आणि वर स्वरसमूहांची नावे, बस्स. वाजवायचे काय ते लिहिलेलेच नसते. बंदिशीच्या वहीसारखे हे पान. ज्याला गाता येते त्यालाच त्याचा उपयोग.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण हा शोध ज्या शहरात चालला होता त्या शहरात जॅझचा शिक्षक सापडू नये हे विचित्र आहे. लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली आला. त्या काळापासून पुढच्या तीस वर्षांची हकिकत नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात सविस्तर आली आहे, ती मुळातून वाचावी. मराठी वाचकाने त्यातला एक धागा तरी लक्षात ठेवावा. भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) पडद्यावर जो वाद्यवृंद दिसतो त्यातले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे गोव्यातले, मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. आपण सी. रामचंद्रांच्या त्या चालींवर अजून नाचतो. पण त्या चालींखाली जे स्वरसमूह आहेत ते कुणाच्या डोक्यातून उतरले याची चौकशी आपण सहसा करत नाही. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, राहुलदेव बर्मन यांच्याकडे बास वाजवणारे टोनी वाझ, ही सगळी माणसे हार्मनी जाणणारी. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणी दो-रे-मी घोटलेली, व्हायोलिन शिकलेली, आणि पोटासाठी मुंबईला आलेली. दिवसा ध्वनिमुद्रण, रात्री हॉटेल.

मग हे ज्ञान गेले कुठे? गोन्साल्विसांनी प्यारेलाल यांना शिकवले हे प्रसिद्ध आहे. पण ती अपवादात्मक उदाहरणे. एरवी ही विद्या स्टुडिओच्या खोलीत, कामाच्या ओघात, एका खुर्चीवरून शेजारच्या खुर्चीवर जात असे. तिचे घराणे झाले नाही. नव्वदच्या दशकापर्यंत सिंथेसायझरने त्या खुर्च्याच उचलल्या, आणि खुर्च्यांबरोबर शिकण्याची जागाही गेली. ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' (२००८) हे पुस्तक अशा वादकांच्या मुलाखतींवर उभे केले आहे. ते वाचताना मला हेवा वाटला. मुलाखतकाराला ही माणसे भेटली, विद्यार्थ्याला नाहीत. असो.

मला एक भेटले. पियानो दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले, की मालाडला ऑर्लेममध्ये एक म्हातारे आहेत, पूर्वी हॉटेलांत आणि रेकॉर्डिंगला बास वाजवत, आता शिकवत नाहीत. वय ऐंशी. मी गेलो. पहिल्याच वाक्यात "सर" म्हणालो तर म्हणाले, "सर शाळेत. अंकल म्हण." मी आमच्या कार्यक्रमांतली एक नेहमीची ओळ वाजवून दाखवली. त्यांनी मध्येच थांबवले. "इथे कॉर्ड कुठला?" मला नाव सांगता येईना. "हाताला ठाऊक आहे, तुला नाही," ते म्हणाले. "बरे आहे. उलटे असते तर मी शिकवले नसते." फी सांगितली, आगाऊ घेतली आणि नोटा मोजून खिशात ठेवल्या. रोजंदारीवर वाजवत आलेल्या माणसाचा तो व्यवहार मला आवडला. गुरुदक्षिणेच्या गुळगुळीत संकोचापेक्षा पुष्कळ बरा.

त्यांनी पहिल्या दिवशी मला बास बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाले, "गातोस ना? सी धर." मी आकारात तो स्वर लावला. त्यांनी खाली बासवर सी वाजवला. षड्जाला षड्ज मिळाला, आमच्या घरची सकाळ झाली. मग त्यांनी एफ वाजवला. मी तोच स्वर गात होतो, पण तो आता पंचम झाला होता. ए वाजवला, माझा स्वर कोमल गांधार झाला, खोलीतला उजेड कमी झाल्यासारखे वाटले. मग बोट अर्धा स्वर खाली सरकवून ए फ्लॅट. तोच स्वर शुद्ध गांधार. डी वाजवला तेव्हा कोमल निषाद. आणि डी फ्लॅट आला तेव्हा माझा स्वर शुद्ध निषाद होऊन बसला, गळा आपोआप वर सरकू लागला. "आयक, पुता! हलू नको!" ते ओरडले. "तू हलायचे नाही. हलायचे काम माझे."

एवढाच धडा. पाऊण तास आम्ही तेवढेच केले. मी एक स्वर धरून बसलेलो आणि ते खालून त्याची नावे बदलत होते. हे सारे मी पुस्तकात वाचले होते, तक्ते पाठ होते. पण स्वतःच्या गळ्यातला स्वर स्वतः न बदलता बदलतो, हे अंगावर आल्याशिवाय कळत नाही.

(इथे जाणकार मला अडवतील. स्वरसमूहाचा पाया म्हणजे षड्ज नव्हे. डी मायनर, जी, सी अशी नित्याची जॅझची चाल घेतली तरी तिचे घर सीच राहते. अंकलनीही पुढे हे बजावले. तरी तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला पहिला धक्का बसतो तो पाया हलल्याचा. घर एकच असल्याचे नंतर समजते.)

ती नित्याची चाल आम्ही सहा महिने घोटली. बाराही पट्ट्यांत. तिच्यातली गंमत बासच्या उड्यांपेक्षा आतल्या दोन स्वरांत आहे. सीला सा मानले तर पहिल्या समूहात म आणि सा, दुसऱ्यात म आणि नि, तिसऱ्यात ग आणि नि. म्हणजे प्रत्येक वेळी एकच स्वर अर्धी पायरी उतरतो, दुसरा जागेवर थांबतो. खाली बास चौथ्या-पाचव्या स्वरांच्या ढांगा टाकत असताना वर इतकी हळुवार हालचाल. अंकल हे मला गायला लावत. आधी एक स्वर, मग दुसरा, मग बास वाजवत दोन्हींपैकी कुठलाही. आंधळा पियानोवादक लेनी ट्रिस्टानो आपल्या शिष्यांकडून लेस्टर यंगचे सोलो आधी गाऊन घेई, असे मी वाचले होते. ते सांगितल्यावर अंकल म्हणाले, "तर मग? वाजवणारा काय तोंड मिटून वाजवतो?"

लयीचा हिशेब आणखी अवघड गेला. मेट्रोनोम ६० वर लावायचा, आणि तो ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा धरायचा. पहिली मात्रा कुठेच वाजत नाही. ती आपण ठेवायची. समेवर टाळी देत मोठ्या झालेल्या माणसाला सम रिकामी सोडून चालायला शिकणे किती जड जाते! जॅझमध्ये बासने चारही मात्रांवर एकेक स्वर टाकत जाण्याला 'चालणे'च म्हणतात. पहिल्या मात्रेवर समूहाचा पाया, चौथ्या मात्रेवर पुढच्या पायाकडे बोट दाखवणारा स्वर, बहुधा अर्ध्या पायरीवरचा. मधल्या दोन मात्रांत तुमचा स्वभाव. ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यात १९३९ साली आलेला आणि १९४२ साली, चोविशी गाठण्याआधीच, क्षयाने गेलेला जिमी ब्लँटन अंकलचे दैवत होते. त्याच्या मधल्या दोन मात्रा ते मला पुन्हा पुन्हा ऐकवत.

ऐकवत म्हणताना थांबावे लागते. अंकलना कमी ऐकू येत होते. वयाने जाणारे ऐकणे बहुधा वरच्या टोकाकडून जाते. दारावरची घंटा, सुनेचे बोलणे, ड्रमच्या झांजांची किणकिण, हे त्यांच्यापासून गेले होते. खालचे मात्र शाबूत. माझ्या शब्दांतली व्यंजने त्यांना लागत नसत, पण मी खालच्या तारेवर बोट पडद्यापासून जरा दूर ठेवले तर लगेच भुवया वर जात. तळहात ॲम्प्लिफायरवर ठेवून ते माझे वाजवणे तपासत.

आईला यातले काहीच आवडत नव्हते. तिची हरकत पुराणमतवादी म्हणून झटकून टाकण्यासारखी नव्हती. "सारखी जमीन हलवत राहिलात तर झाड वाढणार कशावर?" असे तिने विचारले. मूर्च्छनाभेद तिला माहीत आहे. मधल्या एखाद्या स्वराला क्षणभर षड्ज मानून दुसऱ्या रागाची सावली दाखवायची आणि परत यायचे. "पण तेव्हा तानपुरा बोलतच असतो. फसवले आहे हे त्याच्यामुळेच कळते. तुमच्यात कुणाला फसवायचे?" याला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. रागात एका स्वराशी जितके दिवस राहता येते तितके जॅझमध्ये राहता येत नाही, हे खरेच आहे. उलट, एकाच स्वराला इतक्या घरांतून फिरवून आणणे रागात शक्य नाही. दोन्हींचा मेळ घालण्याचे बहुतेक प्रयोग मला अर्धवट वाटतात. बास एका स्वरावर उभा करून त्यावर सतार वाजवली की झाले फ्यूजन! त्यात बासवाल्याचा तानपुरा होतो, एवढेच.

अंकलचा मुलगा टोरोंटोला असतो. २०२४ च्या डिसेंबरात तो त्यांना घेऊन गेला. ऑर्लेममधली जागा विकली. मला साधारण दोन वर्षे मिळाली. जाताना त्यांनी आपल्या हातच्या पाच वह्या दिल्या. त्यांत धुनी नाहीत, फक्त बासच्या ओळी, काही पेन्सिलीच्या, काही हॉटेलच्या बिलांच्या मागे लिहून चिकटवलेल्या. समुद्रापलीकडून एकत्र वाजवता येत नाही, ही जुनी अडचण आता पुन्हा आली आहे. त्यावर तोड म्हणून मी वाजवून मुद्रण पाठवतो, ते त्यांचा नातू मोठ्या स्पीकरवर लावून देतो, आणि दोन-तीन दिवसांनी अंकलचा निरोप येतो.

शेवटचे काम त्यांनी दिले होते ते जेरोम कर्नच्या 'ऑल द थिंग्ज यू आर' या १९३९ च्या गाण्याचे. छत्तीस बारांत ते पाच निरनिराळ्या घरांतून फिरून येते. त्याच्या मधल्या भागाच्या शेवटी धून जी शार्पवर येऊन थांबते. खाली बास ई वर. म्हणजे तो स्वर शुद्ध गांधार. मग बास सी वर जातो. गाणारा तिथेच, पण आता तो कोमल धैवत. मग बास एफ वर, कोमल गांधार. तीन पावले, एक स्वर. कागदावर त्याचे नावही मध्येच बदलते, जी शार्पचा ए फ्लॅट होतो. पियानोवर पट्टी तीच.

मला गाणारे माणूस हवे होते. घरात एकच होते. आईने शब्द म्हणायला नकार दिला, आकारात गाईन म्हणाली. सवयीने तानपुऱ्याकडे हात नेला. नको म्हटल्यावर तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिले आणि हात मांडीवर ठेवला. चौऱ्याहत्तर वर्षांचा गळा. स्वर लागला आणि लागलेलाच राहिला. मी ई वाजवला, सी वाजवला, एफ वाजवला. एफला तिच्या कपाळावर आठी पडली. स्वर सोडला नाही. संपल्यावर "पुन्हा कर," म्हणाली. आम्ही सहा वेळा केले, त्यातले चौथे मुद्रण मी टोरोंटोला पाठवले.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. पंखा लावल्यासारखी घरघर, मागे नातवाचा आवाज, आणि मग अंकल, नेहमीप्रमाणे गरजेपेक्षा मोठ्याने: "बास ठीक आहे. गातेय कोण ती?"